ॲप्ट अपडेटमध्ये जुन्या रेपोच्या वॉर्निंग येतायत? कुठून सुरू करायचं, कुठल्या क्रमाने, आणि काय अजिबात करायचं नाही

ॲप्ट म्हणजे उबंटू-डेबियन लिनक्सवर पॅकेज (प्रोग्राम) बसवणारं टूल, आणि रेपो म्हणजे ते जिथून पॅकेज आणतं तो सर्व्हर. 'सुडो ॲप्ट अपडेट' मारलं, शेवटी चार ओळी वॉर्निंगच्या आल्या, त्या न वाचता 'ॲप्ट अपग्रेड' मारलं, शून्य पॅकेज अपग्रेड झाली असं दिसलं, म्हणजे सगळं नवीन आहे असं समजून टर्मिनल बंद. घोळ इथेच होतो. त्या ओळींत बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं, 'सम इंडेक्स फाइल्स फेल्ड टू डाउनलोड, दे हॅव बीन इग्नोर्ड, ऑर ओल्ड वन्स यूज्ड इन्स्टेड'. म्हणजे नवीन यादी मिळालीच नाही, मशीन जुन्याच यादीत बघून तुम्हाला सांगतंय की नवीन काही नाही. असं महिनोन्महिने चालतं आणि सिक्युरिटी पॅच एकही येत नाही.

दुसरे लोक याच्या उलट करतात. वॉर्निंग दिसली की सर्च, पहिलं उत्तर कॉपी, पेस्ट. त्याने वॉर्निंग जाते पण सिस्टीम आधीपेक्षा वाईट अवस्थेत जाते. म्हणून खालचे टप्पे क्रमाने करा, कारण घड्याळ चुकलेलं असताना 'की' (रेपोची सही तपासायची डिजिटल किल्ली) बदलत बसलात किंवा व्हर्जनचा सपोर्ट संपलेला असताना मिरर (रेपोची दुसऱ्या सर्व्हरवरची कॉपी) बदलत बसलात तर संध्याकाळ जाईल आणि एरर तीच राहील.

हे सगळं उबंटू, मिंट आणि डेबियनसाठी आहे. कमांड आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलीयत, टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने करा.

तयारी: हात लावायच्या आधी

१. बॅकअप. 'सुडो सीपी -ए /ईटीसी/ॲप्ट ~/ॲप्ट-बॅकअप'. होम फोल्डरमध्येच ठेवा. बरेच जण /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी/ मध्येच फाइलची कॉपी करतात, आणि त्या कॉपीच्या नावाच्या शेवटी .लिस्ट असेल तर ॲप्ट तीही वाचतं, मग 'कॉन्फिगर्ड मल्टिपल टाइम्स' अशी नवीन वॉर्निंग सुरू, आणि माणूस ती सोडवायला परत सर्च करायला जातो.

२. आपलं व्हर्जन नक्की कुठलं ते बघा. 'कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज'. यात व्हर्जन_कोडनेम (त्या व्हर्जनचं नाव, जसं जॅमी किंवा बुकवर्म) असतं, आणि मिंटवर त्यासोबत उबंटू_कोडनेम पण असतं. दोन्ही कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

३. 'डीएफ -एच' मारून रूट आणि /बूट मध्ये जागा आहे का बघा. जागा संपली असेल तर बाकीच्या सगळ्या एरर फसव्या असू शकतात.

४. 'कुड नॉट गेट लॉक' येत असेल तर बहुतेक मागे ऑटोमॅटिक अपडेट चालू आहे. थांबा. लॉकची फाइल डिलीट करा असा सल्ला सगळीकडे मिळेल, तो करू नका, अर्धवट इन्स्टॉल झालेली पॅकेज निस्तरणं हे रेपोपेक्षा मोठं काम आहे.

टप्पा १: मेसेज नीट वाचा, आणि पत्ता शोधा

'सुडो ॲप्ट अपडेट २>&१ | टी ~/अपडेट-लॉग.टीएक्सटी' असं चालवा म्हणजे सगळं फाइलमध्ये राहतं. ओळीच्या सुरुवातीला 'हिट' किंवा 'गेट' असेल तर ती रेपो ठीक. 'एरर' असेल तर तिथून फाइल आली नाही. 'इग्न' म्हणजे ती फाइल सोडून पुढे गेलं, ते नेहमीच काळजीचं नसतं. शेवटी एन, डब्ल्यू, ई या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी येतात. एन म्हणजे नुसती नोंद, डब्ल्यू वॉर्निंग, ई खरी एरर.

आता प्रत्येक वाईट ओळीतला पत्ता आणि त्याच्या पुढचं कोडनेम बघा आणि दोन गट करा, एक उबंटू-डेबियन-मिंटचे स्वतःचे पत्ते, दुसरा बाकी सगळे, म्हणजे पीपीए (उबंटूसाठी बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या छोट्या रेपो), ब्राउझर, डेटाबेस, डॉकर वगैरे. पहिल्या गटात प्रॉब्लेम असेल तर तो आधी. दुसऱ्या गटातली एखादी रेपो बंद पडली म्हणून सिस्टीमचे अपडेट थांबत नाहीत, हे लक्षात ठेवा म्हणजे घाबरायला होणार नाही.

मेसेजवरून कुठे जायचं ते ठरतं:

- 'नॉट व्हॅलिड येट', 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग', 'हॅश सम मिसमॅच': टप्पा २.
- '४०४ नॉट फाउंड' आणि 'डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल': पत्ता स्वतःचा असेल तर टप्पा ३ आणि ४, बाहेरचा असेल तर टप्पा ५.
- 'रिलीज फाइल इज एक्स्पायर्ड': आधी टप्पा २, मग ४.
- 'नो_पबकी', 'एक्सपीकीसिग', 'लेगसी ट्रस्टेड.जीपीजी कीरिंग': टप्पा ६.

टप्पा २: घड्याळ, नेट, मिरर

'टाइमडेटसीटीएल' मारा. तारीख बरोबर आहे का, आणि घड्याळ सिंक झालंय का बघा. नसेल तर 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू'. 'नॉट व्हॅलिड येट' येतं तेव्हा मशीनचं घड्याळ मागे असतं, मदरबोर्डचा सेल गेलेला असतो किंवा व्हर्च्युअल मशीन सस्पेंडमधून उठलेलं असतं. विंडोजसोबत ड्युअल बूट असेल तर आपल्याकडे लिनक्सचं घड्याळ उलट साडेपाच तास पुढे जातं, त्यामुळे या एररला लगेच विंडोजला दोष देऊ नका.

'क्लियरसाइन्ड फाइल इझंट व्हॅलिड, गॉट नोस्प्लिट' असं आलं तर हॉस्टेल किंवा ऑफिसच्या वायफायचं लॉगिन पेज मधे येतंय. ॲप्टने रिलीज फाइल मागितली आणि त्याला लॉगिनचं पान मिळालं. ब्राउझर उघडा, लॉगिन करा, नाहीतर मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बघा.

'हॅश सम मिसमॅच' किंवा 'मिरर सिंक इन प्रोग्रेस' आलं तर मिरर अजून अर्धवट कॉपी होतोय. भारतात इन्स्टॉल केलेल्या उबंटूत बहुतेक वेळा इन.आर्काइव्ह.उबंटू.कॉम असतं, काही तास थांबा, किंवा पुढचं 'इन.' काढून मुख्य आर्काइव्ह वापरा. तरी जात नसेल तर /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स/ मधल्या फायली काढून परत अपडेट मारा, त्या परत डाउनलोड होतात. हे आरएम -आरएफ ने करणार असाल तर एंटर मारायच्या आधी पत्ता दोनदा वाचा, मधे एक स्पेस चुकून पडली तर काय होईल ते सांगायला नको.

तपासणी: परत अपडेट मारा. याच टप्प्यात वॉर्निंग गेली असेल तर थेट टप्पा ८.

टप्पा ३: आपलं व्हर्जन अजून चालू आहे का

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत म्हणून जरा थांबून वाचा.

उबंटूची दोन प्रकारची व्हर्जन असतात. एलटीएस, जी सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येतात, १८.०४, २०.०४, २२.०४, २४.०४, त्यांना नेहमीचा सपोर्ट पाच वर्षं. आणि मधली, उदाहरणार्थ २३.१० किंवा २४.१०, त्यांना फक्त नऊ महिने. २३.१० चा सपोर्ट जुलै २०२४ मध्ये संपला, २४.१० चा जुलै २०२५ मध्ये. सपोर्ट संपल्यावर काही काळाने मधल्या व्हर्जनच्या फायली मुख्य आर्काइव्हवरून उचलून ओल्ड-रिलीजेस.उबंटू.कॉम वर नेल्या जातात, आणि मग तुमच्याकडे सगळ्या ओळींना ४०४.

एलटीएसचं तसं नाही. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला पण त्याच्या फायली मुख्य आर्काइव्हवरच आहेत, कारण उबंटू प्रोखाली पुढची पाच वर्षं त्याला सिक्युरिटी अपडेट मिळतात, आणि वैयक्तिक वापरासाठी प्रो पाच मशीनपर्यंत फुकट आहे. म्हणजे २०.०४ वर ४०४ येत असेल तर कारण दुसरं आहे, सपोर्ट संपणं नाही. तरी लोक २०.०४ ला ओल्ड-रिलीजेसचा पत्ता लावतात, तिथे ते नसतंच, आणि चालू असलेली रेपो पण बंद करून बसतात. एलटीएसवर असाल तर 'प्रो सिक्युरिटी-स्टेटस' मारा, किती पॅकेजला सपोर्ट आहे ते तेच सांगेल.

मिंटवाल्यांनी दोन्ही कोडनेम बघायची. मिंट २१.३ चं स्वतःचं कोडनेम व्हर्जिनिया, खालचं उबंटू जॅमी. मिंट २२ चं विल्मा, खाली नोबल. मिंटच्या स्वतःच्या रेपोला पहिलं लागतं, उबंटूच्या आणि बाहेरच्या जवळजवळ सगळ्या रेपोंना दुसरं. मिंटवरच्या ४०४ ची निम्मी कारणं या एका गोष्टीत असतात.

डेबियन १० म्हणजे बस्टर आणि त्याच्या आधीची व्हर्जन आता आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग वर आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ ट्रिक्सी आलं, त्यामुळे १२ म्हणजे बुकवर्म आता ओल्डस्टेबल (एक पायरी जुनं) झालंय, पण ते बंद पडलेलं नाही, त्याचा पत्ता बदलू नका.

टप्पा ४: मुख्य रेपो दुरुस्त करा

फाइल कुठे आहे ते आधी बघा. उबंटू २४.०४ पासून नवीन इन्स्टॉलमध्ये मुख्य रेपो /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी/उबंटू.सोर्सेस मध्ये असते, जुन्यात /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट मध्ये. नवीन सिस्टीमवर जुनी फाइल जवळजवळ रिकामी दिसली म्हणून त्यात जुन्या पद्धतीच्या ओळी टाकू नका, डबल होतील.

मधलं उबंटू, समजा २३.१०:

१. फाइल उघडा आणि आर्काइव्ह.उबंटू.कॉम व सिक्युरिटी.उबंटू.कॉम, दोन्हीच्या जागी ओल्ड-रिलीजेस.उबंटू.कॉम करा. नुसतं आर्काइव्ह बदललं आणि सिक्युरिटी तसंच ठेवलं ही एक चूक. दुसरी चूक 'इन.' ची, शोधा-आणि-बदला करताना फक्त 'आर्काइव्ह' हा शब्द बदलला जातो आणि इन.ओल्ड-रिलीजेस असला भलताच पत्ता तयार होतो. पुढचं 'इन.' पण काढा.

२. 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड', मग रीस्टार्ट.

३. 'सुडो डू-रिलीज-अपग्रेड'. २३.१० वरून हे २४.०४ ला नेईल. नवीन रिलीज नाही असं म्हणालं तर /ईटीसी/अपडेट-मॅनेजर/रिलीज-अपग्रेड्स मध्ये 'प्रॉम्प्ट=' ची ओळ बघा, मधल्या व्हर्जनवर ते 'नॉर्मल' पाहिजे. आणि एलटीएसवरून एलटीएसला जाताना नवीन एलटीएसचं पहिलं पॉइंट रिलीज (जसं २४.०४.१) येईपर्यंत अपग्रेड दाखवत नाही, ती एरर नाही.

एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) करत असाल तर टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये करा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं. अपग्रेड चालू असताना तो स्वतः १०२२ पोर्टवर जादाचं एसएसएच उघडतो, फायरवॉलमध्ये ते लक्षात ठेवा.

ओल्ड-रिलीजेस लावून वॉर्निंग गेली की लोक तिथेच थांबतात. तिथे नवीन पॅच येत नाहीत, शेवटचे जे होते तेच पडून आहेत. ते फक्त पुढच्या व्हर्जनला जाण्यापुरतं.

सगळ्यात महागाची चूक: उबंटूवर फाइलमधलं कोडनेम हाताने बदलून फुल-अपग्रेड मारणं. डेबियनवर व्हर्जन बदलायची पद्धतच ती आहे, त्यांच्या रिलीज नोट्समध्ये तसंच सांगितलंय, म्हणून डेबियनवरून आलेले लोक इथेही तेच करतात. पण उबंटूचा अपग्रेड प्रोग्राम मधे बरीच दुरुस्ती स्वतः करत असतो, ती सगळी सुटते आणि अर्धं जुनं अर्धं नवं असं मशीन हातात उरतं. २०.०४ वरून २४.०४ ला पण थेट उडी नाही, मधे २२.०४ घ्यावंच लागतं.

डेबियन बस्टर किंवा जुनं: पत्ता आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग करा. सिक्युरिटीच्या ओळीचं नाव बस्टरपर्यंत 'बस्टर/अपडेट्स' असं होतं, बुलसायपासून 'बुलसाय-सिक्युरिटी' असं झालं, पुढे जाताना फक्त कोडनेम बदलून भागत नाही ते यासाठी. आर्काइव्हवरच्या फाइलची मुदत संपलेली असू शकते, तेव्हा 'एक्स्पायर्ड' येईल. त्यासाठी त्या एकाच कमांडला '-ओ ॲक्वायर::चेक-व्हॅलिड-अनटिल=फॉल्स' जोडा. हे कायमचं कॉन्फिगमध्ये टाकून ठेवू नका, नाहीतर पुढे एखादा चालू मिरर महिनाभर मागे पडला तरी तुम्हाला कळणार नाही.

डेबियनवर अजून एक येतं, 'चेंज्ड इट्स सूट व्हॅल्यू फ्रॉम स्टेबल टू ओल्डस्टेबल'. हे साधं आहे, 'सुडो ॲप्ट अपडेट --अलाऊ-रिलीजइन्फो-चेंज' ने मान्य करा. पण मेसेजमध्ये 'सूट' (स्टेबल, ओल्डस्टेबल असा दर्जा) ऐवजी कोडनेम बदललं असं असेल तर थांबा. तुमच्या फाइलमध्ये 'बुकवर्म' ऐवजी 'स्टेबल' लिहिलेलं आहे आणि तुम्ही हो म्हणालात तर पुढचा अपग्रेड तुम्हाला नवीन डेबियनवर ओढत नेईल. आधी 'स्टेबल' च्या जागी कोडनेम लिहा.

तपासणी: 'ॲप्ट-कॅशे पॉलिसी' मारा. यात सगळ्या रेपो त्यांच्या कोडनेमसकट दिसतात. स्वतःच्या रेपोंमध्ये दोन वेगवेगळी कोडनेम दिसली तर पुढे जाऊ नका, मिंटचा अपवाद सोडून.

टप्पा ५: बाहेरच्या रेपो

सोर्सेस.लिस्ट.डी मधली एकेक फाइल उघडा. पहिला प्रश्न, हे सॉफ्टवेअर अजून वापरतो का? नसेल तर बंद करा. .लिस्ट फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला # टाका, .सोर्सेस फाइलमध्ये 'एनेबल्ड: नो' अशी ओळ. लगेच डिलीट करू नका.

वापरत असाल तर त्या रेपोचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून डिस्ट्स फोल्डरमध्ये तुमचं कोडनेम आहे का बघा. काही रेपो तिथे यादी दाखवत नाहीत, मग त्यांच्या इन्स्टॉलच्या पानावर बघा. नसेल तर दोनच शक्यता, त्यांनी अजून तुमच्या व्हर्जनसाठी बनवलेलं नाही, किंवा रेपोच हलवली. कुबरनेटिसचं उदाहरण सगळ्यांना माहिती पाहिजे, त्यांची जुनी रेपो सप्टेंबर २०२३ मध्ये गोठवली आणि २०२४ मध्ये बंद झाली, नवीन पत्ता पीकेजीएस.के८एस.आयओ, आणि तिथे प्रत्येक छोट्या व्हर्जनची रेपो वेगळी. अशा वेळी जुना पत्ता कितीही दुरुस्त केलात तरी उपयोग नाही.

पीपीएला तुमचं कोडनेम नाही म्हणून जुनं कोडनेम घालून वॉर्निंग गप्प करणं हा उपाय नाही. पॅकेज जुन्या लायब्ररींवर बांधलेली असतात, आज चालतील, पुढच्या अपग्रेडला अडकतील. पीपीए कायमचा काढायचा असेल तर 'पीपीए-पर्ज' वापरा, ते इन्स्टॉल झालेली पॅकेजसुद्धा उबंटूच्या मूळ व्हर्जनवर आणतं. नुसती फाइल काढली तर पॅकेज तशीच राहतात आणि त्यांना पुढे अपडेटच येत नाहीत.

मिंटवर इन्स्टॉलच्या सूचनांमध्ये 'एलएसबी_रिलीज -सीएस' असेल तर ते मिंटचं कोडनेम देतं आणि रेपो चुकीची लागते. तिथे उबंटू_कोडनेम हाताने लिहा.

क्रोमसारखे काही प्रोग्राम आपली रेपोची फाइल स्वतः टाकतात आणि परत स्वतःच लिहितात, त्यात तुम्ही केलेला बदल गायब झाला तर भूतबाधा नाही.

टप्पा ६: की

'लेगसी ट्रस्टेड.जीपीजी' ही नुसती वॉर्निंग आहे, उबंटू २२.०४ पासून दिसते, अपडेट चालू राहतात. पण डेबियन १३ मध्ये ॲप्ट-की ही कमांडच काढून टाकलीय, तेव्हा कधीतरी करावंच लागणार. अडचण अशी की जुन्या कीरिंगमधली (सगळ्या की एकत्र ठेवायच्या फाइलमधली) कुठलीही की कुठल्याही रेपोसाठी चालते, म्हणजे एखाद्या छोट्या पीपीएची की घराच्या सगळ्या कुलुपांना लागल्यासारखं. ट्रस्टेड.जीपीजी फाइल उचलून ट्रस्टेड.जीपीजी.डी मध्ये कॉपी केली की वॉर्निंग जाते, प्रॉब्लेम तसाच राहतो.

बरोबर क्रम:

१. की त्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत पानावरून परत डाउनलोड करा. 'एक्सपीकीसिग' म्हणजे की ची मुदत संपलीय, तेव्हाही हेच, नवीन की घ्या.

२. /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज/ मध्ये ठेवा. फाइल उघडल्यावर 'बिगिन पीजीपी' असं वाचता येत असेल तर नाव .एएससी ने संपवा. वाचता न येणारी बायनरी असेल तर .जीपीजी ने. हे उलटं झालं की ॲप्ट ती की चक्क सोडून देतं आणि तुम्ही म्हणता, 'की' तर टाकलीय.

३. 'सुडो चमॉड ६४४' करा. अपडेट करताना ॲप्ट वेगळ्या युजरने फाइल वाचतं, त्याला वाचायची परवानगी नसेल तरी 'नो_पबकी' च येतं.

४. रेपोच्या ओळीत 'साइन्ड-बाय' लावून त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या.

५. अपडेट मारून बघा, आणि मगच जुन्या कीरिंगमधून ती की काढा.

'कॉन्फ्लिक्टिंग व्हॅल्यूज सेट फॉर ऑप्शन साइन्ड-बाय' आलं तर एकच रेपो दोन फायलींत आहे, एक काढा. ही एरर असेपर्यंत ॲप्ट कुठलीच रेपो वाचत नाही, त्यामुळे ती सगळ्यात आधी.

आणि 'ट्रस्टेड=येस' कुठेही लावू नका. त्याने सहीची तपासणीच बंद होते.

टप्पा ७: किरकोळ

'डझंट सपोर्ट आर्किटेक्चर आय३८६' ही फक्त नोंद आहे, त्या रेपोच्या ओळीत 'आर्च=एएमडी६४' लावा. 'इग्नोरिंग फाइल... इनव्हॅलिड फाइलनेम एक्स्टेन्शन' म्हणजे नावाच्या शेवटी .लिस्ट किंवा .सोर्सेस नसलेली फाइल कोणीतरी तिथे ठेवलीय, होम फोल्डरमध्ये हलवा.

टप्पा ८: अपग्रेड, आणि शेवटची तपासणी

अपडेट पूर्ण स्वच्छ आलं की लगेच अपग्रेड नको. आधी 'ॲप्ट फुल-अपग्रेड -एस' मारा, यात काहीच बदलत नाही, फक्त काय होणार ते दिसतं. 'रिमूव्ह' ची यादी वाचा. तिथे डेस्कटॉप किंवा पायथॉनची निम्मी पॅकेज दिसत असतील तर कुठेतरी कोडनेम मिसळलेलं आहे, टप्पा ४ च्या तपासणीवर परत जा.

यादी ठीक असेल तर अपग्रेड करा, रीस्टार्ट करा, परत एकदा अपडेट. यानंतर उबंटूवर काही पॅकेज 'कीप्ट बॅक' किंवा 'डिफर्ड ड्यू टू फेझिंग' म्हणून मागे राहिलेली दिसतील. रेपो बिघडलेली नाही, उबंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं आणि तुमच्या मशीनचा नंबर अजून आलेला नाही. ती एकेक करून जबरदस्तीने इन्स्टॉल करत बसू नका, काही दिवसांनी नेहमीच्या अपग्रेडमध्ये आपोआप येतात.